एका गणिताला एक आठवडा

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या घराघरांत दोनच प्रश्न असतात: ग्रुप कोणता घ्यायचा आणि क्लास कुठे लावायचा. लातूरला खोली करायची, नांदेडला हॉस्टेल बघायचं, की संभाजीनगरला मामाकडे ठेवायचं? डॉक्टर व्हायचं ठरलं की बी ग्रुप, म्हणजे गणिताला रामराम. नीटमध्ये गणिताचा पेपरच नाही. इंजिनिअर व्हायचं ठरलं तर ए ग्रुप, आणि गणित सीईटी-जेईईला लागेल तेवढं. ज्याला गणितच आवडतं असं मूल या हिशेबात कुणी धरत नाही. उदाहरण सुटल्यावरही 'पण असंच का?' म्हणून फळ्यापाशी रेंगाळणारी मुलगी बीडच्या जिल्हा परिषद शाळेत असते, औंढ्याला असते, भूमला असते. अकरावीच्या पहिल्या चार महिन्यांत ती हा प्रश्न विचारणं सोडून देते, कारण त्याचं उत्तर द्यायला कॉलेजात तास होत नाही आणि क्लासमध्ये सवड नसते.

या मुलांसाठी अकरावी-बारावीची दोन वर्षं चालणारा प्रगत गणिताचा विनाशुल्क, सार्वजनिक अभ्यासक्रम मराठवाड्यात सुरू झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि तो आखताना पहिला निर्णय धड्यांचा नको, वेगाचा हवा. आपल्याकडे 'ॲडव्हान्स बॅच' म्हटलं की नववीत अकरावीचं त्रिकोणमिती आणि अकरावीत बारावीचं इंटिग्रेशन असा अर्थ झाला आहे. पुढचं आधी उरकायचं, एवढीच प्रगती. मला याच्या उलट हवं आहे. मुलांनी एकाच गणितावर आठवडा घालवावा, त्याची सिद्धता स्वतः लिहावी, ती का चुकली हे समजून घ्यावं आणि पुन्हा लिहावी.

लातूर पॅटर्नला नावं ठेवून हा लेख लिहिता येणार नाही, आणि तसं करायची माझी इच्छाही नाही. निजामाच्या राजवटीतून १९४८ साली बाहेर पडलेला, स्वतःच्या विद्यापीठासाठी १९५८ पर्यंत थांबलेला हा भाग. इथल्या मुलांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नाव झळकवलं, मेडिकलच्या जागा मिळवल्या, ते शिस्त आणि सराव यांच्या बळावर. शिक्षकांनी रात्र रात्र पेपर काढले, तपासले, मुलांना नावानिशी हाक मारून चुका दाखवल्या. शेतकऱ्याचं, हमालाचं पोर डॉक्टर झालं. ही कमाई खरी आहे. पण पॅटर्नची ताकद ज्या गोष्टीत आहे, तीच गणिताच्या मुळावर येते. ठरलेल्या प्रकारचा प्रश्न ओळखायचा आणि ठरलेल्या वेळात सोडवायचा, हे त्याचं बळ. एमएचटी-सीईटीला ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात. एका प्रश्नाला १०८ सेकंद. तेवढ्या वेळात विचार होत नाही, आठवण होते. ज्याने तो प्रकार आधी शंभरदा पाहिला आहे तो जिंकतो. याच्याशेजारी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड ठेवून बघा: साडेचार तास, आणि प्रश्न फक्त तीन. दोन्ही परीक्षा गणिताच्याच म्हणवतात, पण पहिलीत तरबेज झालेलं मूल दुसरीत पहिल्या अर्ध्या तासात पेन खाली ठेवतं, कारण अर्धा तास न सुटणाऱ्या प्रश्नासोबत बसायची सवय त्याला कुणी लावलेलीच नसते.

बोर्डाचा अभ्यासक्रम वाईट आहे असंही नाही. बारावीच्या पहिल्या भागाचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे. मुलं सत्यतासारण्या, म्हणजे विधान कधी खरं आणि कधी खोटं याचे तक्ते, झरझर भरतात. पण तेच तर्कशास्त्र वापरून एखादं विधान सिद्ध करा म्हटलं की वर्ग गप्प होतो, कारण धडा मार्कांसाठी तिथेच संपलेला असतो. अकरावीत इंडक्शन आहे, म्हणजे एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जात विधान सगळ्या संख्यांसाठी सिद्ध करायची रीत. सीईटीला अकरावीचे निवडकच धडे लागतात आणि त्यांत इंडक्शन नाही, म्हणून ते बहुतेक ठिकाणी उरकलं जातं. बारावीला कॅल्क्युलसमधली प्रमेयं सिद्ध करायला येतात, आणि मुलं त्या सिद्धता कवितेसारख्या पाठ करून येतात. मधली एक ओळ विसरली तर पुढचं सगळं अडतं. दहावीपर्यंत शिकलेली वर्तुळ-त्रिकोणांची शुद्ध भूमिती अकरावीच्या उंबरठ्यावर सुटते, ती कायमची. आणि अंकशास्त्र, म्हणजे भाज्यता, मूळ संख्या, बाक्यांचं गणित, हे तर दोन्ही वर्षांत कुठेच भेटत नाही. मुलाला गणिताचा लळा लागावा असे हे दोन सर्वांत जवळचे दरवाजे, आणि ते नेमके याच वयात बंद.

प्रगत म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून सांगतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले जातात. त्यांची प्रक्रिया तीन अंकी संख्येवर करून बघा. तिन्ही अंक सारखे नसलेली कुठलीही संख्या घ्या, समजा ८१५. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ८५१, चढत्या क्रमाने १५८. वजाबाकी ६९३. पुन्हा तेच: ९६३ उणे ३६९ म्हणजे ५९४. पुन्हा: ९५४ उणे ४५९ म्हणजे ४९५. आणखी एकदा केलं तरी ४९५च. वर्गात प्रत्येक जण वेगळी संख्या घेतो आणि सगळे ४९५वर येऊन थांबतात. इथे मुलं खूश होतात, आणि बहुतेक शिकवणं इथेच संपतं.

प्रगत गणित इथून सुरू होतं. सगळ्या संख्या तिथेच येतील याची खात्री काय? नऊशे संख्या एकेक करून तपासायच्या का? मग एखादी मुलगी अक्षरं मांडते: मोठा अंक अ, मधला ब, लहान क. वजाबाकी होते (१००अ + १०ब + क) उणे (१००क + १०ब + अ). मधला ब उडून जातो आणि उरतं ९९(अ − क). म्हणजे पहिल्याच पायरीनंतर उत्तर ९९च्या पटीत, आणि अ − क १ ते ९च असू शकतं. नऊशे संख्यांचा प्रश्न नऊ संख्यांवर आला: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. या नऊ तपासायला एक पान पुरतं. ०९९वरून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. सिद्ध झालं, आणि वर हेही कळलं की सहापेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागणार नाहीत. यात आठवी-नववीच्या बीजगणितापलीकडचं काहीही नाही. तरीही बारावीला ९५ टक्के मिळवणारी कितीतरी मुलं हा युक्तिवाद स्वतः उभा करू शकत नाहीत, आणि एकदा उभा केला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते रँक आल्यावरही दिसत नाही. मग चार अंकी संख्येकडे वळायचं, जिथे हीच युक्ती थोडी अवघड होते, आणि तिथे त्यांना आठवडाभर सोडून द्यायचं.

या धर्तीवर दोन वर्षं आखता येतात. पहिल्या वर्षी अंकशास्त्र, मोजण्याच्या युक्त्या, इंडक्शन आणि दहावीच्या भूमितीचा पुढचा प्रवास. दुसऱ्या वर्षी असमता, बहुपदी, संभाव्यता आणि कॅल्क्युलस. मात्र हे कॅल्क्युलस सूत्रांच्या यादीचं नको, कारणांचं हवं. आठवड्यातून एकदा अडीच तासांची बैठक, वीस-पंचवीस मुलं, बैठकीत तीनच प्रश्न. घरी एक प्रश्न, तो वहीत पूर्ण वाक्यांत लिहून आणायचा. मराठीत लिहिला तरी चालेल, इंग्रजीत लिहिला तरी चालेल. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत उभं केलं जातं. विचार करण्याच्या जागी तरी त्याच्या डोक्यावर हे जादा ओझं नको.

कॅल्क्युलसचं म्हटलं म्हणून आपल्या मातीतलं एक उदाहरण घेतो, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली आणि गावोगाव तळी खोदली गेली. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, काठाचा उतार एकास एक, एक मीटर खाली गेलं की काठ एक मीटर आत. म्हणजे तळाशी २४ बाय २४. पाणी किती मावेल? वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६, सरासरी काढून तिनाने गुणलं की २२१४ घनमीटर येतात. उत्तर चुकीचं आहे. खरं उत्तर २१९६, जवळजवळ २२ लाख लिटर. अठरा घनमीटरांचा फरक कुठून आला, हे शोधताना मुलाला इंटिग्रेशन म्हणजे काय ते पहिल्यांदा हातात घेऊन बघता येतं. पुढचा प्रश्न याहून सुंदर आहे. तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर आहे, पाझर नाही, पंपही बंद आहे. फक्त उन्हाने वाफ होते. वाफ पाण्याच्या उघड्या पृष्ठभागाच्या प्रमाणात होते. पाणी खाली जाईल तसा पृष्ठभाग लहान होत जाईल, म्हणजे वाफही कमी होईल. तर मग पातळी खाली जाण्याचा वेगही कमी होत जाईल का?

जवळपास सगळे 'हो' म्हणतात. आता मांडून बघा. रोज कमी होणारं पाणी म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वाफेचा दर. तेच पाणी म्हणजे क्षेत्रफळ गुणिले पातळी उतरण्याचा वेग. क्षेत्रफळ दोन्हीकडून गेलं. पातळी रोज सारखीच उतरते, तळ्याचा आकार कसाही असो. दर रोजचा १० मिलिमीटर धरला तर ३ मीटरचं तळं ३०० दिवसांत कोरडं. मग कुणीतरी म्हणतं, 'सर, वैशाखात आणि मार्गशीर्षात दर एकच कसा राहील?' हा आक्षेप बरोबर आहे, आणि तो मुलाने घेतला यातच बैठकीचं सार्थक आहे. तिथून पुढे हवामानाची आकडेवारी, आलेख, अंदाज, सगळं ओढून आणता येतं. मुलाने ज्या तळ्यात बादली बुडवली आहे त्याचं हे डिफरन्शियल इक्वेशन आहे.

पण एक सावधगिरी. खेड्यातल्या मुलाला खेड्यातलीच उदाहरणं द्यायची, हा दृष्टिकोन मला मान्य नाही. हिंगोलीच्या मुलीचा मूळ संख्यांवर पुण्या-मुंबईच्या मुलीइतकाच हक्क आहे. उपयोग काय, हे न विचारता एखाद्या गोष्टीच्या सौंदर्यामागे लागण्याची मुभा आपण फक्त सुखवस्तू घरांतल्या मुलांना देतो, आणि गरिबाच्या मुलाने मात्र प्रत्येक तासाचा मोबदला दाखवायचा, हा अन्याय आहे.

आता खरी अडचण: पोचायचं कसं? पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या पिढ्या तिथे घडल्या. किनवटच्या किंवा परांड्याच्या मुलाला तिचा काय उपयोग? इथे मला रशियातला एक जुना प्रयोग आठवतो. इस्राएल गेलफांद या मोठ्या गणितज्ञाने १९६४ साली मॉस्कोत पत्रद्वारा गणित शाळा सुरू केली, ती मोठ्या शहरांपासून लांब राहणाऱ्या मुलांसाठीच. प्रश्नपत्रिका टपालाने जायची, मुलं उत्तरं लिहून पाठवायची, विद्यापीठातले विद्यार्थी ती तपासून शेरे लिहून परत पाठवायचे. हंगेरीत तर शालेय मुलांसाठी प्रश्न छापणारं आणि त्यांची उत्तरं मागवणारं गणिताचं मासिक १८९४ पासून आहे. आपल्याला टपालाचीही वाट बघावी लागणार नाही. वहीच्या पानाचा फोटो आठ जिल्ह्यांतून क्षणात येतो. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले आणि पोरगं आजीपाशी गावात राहिलं, किंवा त्यांच्यामागे कारखान्यावर गेलं, तरी त्याचा प्रश्न त्याच्यासोबत जातो.

मात्र फोनवर व्हिडिओ टाकून हे काम भागेल असं कुणी समजू नये. व्हिडिओ आजही ढिगाने आहेत. नाही ती वही तपासणारी माणसं. 'इथे तू गृहीत धरलंस की अ हा ब पेक्षा मोठा आहे. तसं नसेल तर?' असं मुलाच्या ओळीशेजारी कुणीतरी लिहायला हवं. हे काम वेळखाऊ आहे आणि फुकट होणार नाही. आपल्याकडे घड्याळी तासिकेवर राबणारे, विनाअनुदानित तुकड्यांवर वर्षानुवर्षं अडकलेले गणिताचे किती शिक्षक आहेत! संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्हीकडे एमएस्सीची मुलं आहेत. तपासलेल्या प्रत्येक वहीमागे त्यांना रीतसर मानधन द्या. विद्यापीठांनी प्रश्न काढावेत आणि तपासनीस तयार करावेत, जिल्हा परिषदांनी तालुक्याच्या गावी एक खोली आणि फळा द्यावा, बैठकीची वेळ शेवटच्या एसटीच्या हिशेबाने ठरवावी. मुलगी अंधार पडायच्या आत घरी पोचेल ना, एवढी एक गोष्ट नीट सांभाळली नाही तर हुशार मुलांपैकी निम्मी या अभ्यासक्रमात येणारच नाहीत.

सरकारी पैसा अशा 'बिनकामाच्या' गणितावर का खर्च करायचा, असं विचारलं जाईल. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटण लागतं. तिथे इ.स. १२०७चा शिलालेख आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला आणि त्याला दान मिळालं, याची ती नोंद आहे. म्हणजे गणित शिकवण्याच्या जागेला उत्पन्न लावून देण्याची रीत या मुलखात आठशे वर्षांपूर्वी होती. आणि त्या ग्रंथांत होतं काय? क्ष² = ६१य² + १ हे समीकरण पूर्णांकांत सोडवा, असला प्रश्न होता. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच पायरी चक्रासारखी पुन्हा पुन्हा करत, त्याचं सर्वांत लहान उत्तर काढलं: य म्हणजे २२६१५३९८० आणि क्ष म्हणजे १७६६३१९०४९. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्मा यांनी १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला. चक्रवाल पद्धत अकरावीच्या मुलाला चार बैठकांत शिकवता येते. भास्कराचार्यांच्या नावाने आपण भाषणं पुष्कळ ऐकतो. त्यांचं गणित आपल्या मुलांनी एकदा तरी हाताने करावं, ही अपेक्षा फार नाही.

पालकांना मी खोटं आश्वासन देणार नाही. या अभ्यासक्रमाने सीईटीचा पर्सेंटाइल वाढेलच असं नाही. पण इंजिनिअरिंग आणि मेडिकल सोडून जग आहे, हे आपल्याकडे मुलांना कळतच नाही. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ पासून आहे. तिच्या बीस्टॅट आणि बीमॅथच्या विद्यार्थ्यांना आजवर शिकवणी शुल्क तर पडलं नाहीच, वर दरमहा विद्यावेतन मिळत आलं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था २००६ पासून आहे. सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेत उत्तरं लिहून सिद्ध करायचा वेगळा पेपर असतो. मराठवाड्यातलं हुशार मूल तिथे हुशारी कमी पडून मागे राहत नाही. सिद्धता लिहायचा सराव त्याला कुणी दिलेला नसतो, आणि बहुतेकदा त्याने अशा संस्थेचं नावही ऐकलेलं नसतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. आमच्या मुलांना भागाकार धड येत नाही, अपूर्णांक येत नाहीत, आणि तुम्ही ऑलिंपियाडच्या गोष्टी करता? ज्या शिक्षकाने आठवीच्या वर्गात पाढ्यांपासून सुरुवात केली आहे त्याच्या तोंडी हा प्रश्न रास्त आहे. पाया घट्ट करण्याचं काम थांबवून हे करा, असं मी म्हणत नाही. पण पाया कच्चा आहे म्हणून वर चढू शकणाऱ्या मुलांनाही खाली बसवून ठेवायचं, याने कुणाचाच पाया पक्का होत नाही. शिवाय ४९५चं उदाहरण पुन्हा पाहा. त्यात वजाबाकीचा जितका सराव होतो तितका वजाबाकीच्या धड्यातही होत नाही.

म्हणूनच प्रवेशासाठी चाळणी परीक्षा नको. वेगवान मुलं निवडायची पद्धत आपल्याकडे आधीच आहे, तिची आणखी एक आवृत्ती कशाला? पाच प्रश्न द्यावेत, दोन आठवडे घरी ठेवू द्यावेत, कुणाला विचारलं तर विचारू द्यावं, पण काय कळलं आणि कुठे अडलं हे स्वतः लिहून द्यायला सांगावं. जो पान भरून पाठवतो त्याला घ्यावं, मग उत्तर पुरं असो वा अर्धं. शेवटी रँक नको, चौकात फ्लेक्स नको. वर्षाअखेर प्रत्येकाने फळ्यापाशी उभं राहून आपली एक सिद्धता इतरांना समजावून सांगावी, आणि इतरांनी शंका विचाराव्यात, एवढं मूल्यमापन पुरे.

सुरुवात जूनची वाट न बघता करावी. दहावीचे पेपर मार्चमध्ये संपतात आणि अकरावीचे प्रवेश होईपर्यंत ही मुलं मोकळी असतात. त्याच दिवसांत आठही जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांमधून पहिलं पत्रक मुलांच्या हाती जावं. त्यात मी हे पाच प्रश्न घालीन. एक: ४९५ची प्रक्रिया दोन अंकी संख्यांवर केली तर काय होतं, आणि का? दोन: मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून निदान किती मुलं बोलावली म्हणजे कुठल्या तरी एका जिल्ह्याची पाच मुलं असतीलच? तीन: शेततळ्याचा उतार एकास एकऐवजी दीडास एक केला तर पाणी किती कमी मावेल? चार: वर्तुळावर सहा बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू रेघेने जोडले, आणि एकाच जागी तीन रेघा छेदत नसतील, तर वर्तुळाचे किती तुकडे होतात? बत्तीस म्हणाल तर काढून बघा. पाच: क्ष² = २य² + १ या समीकरणाची पूर्णांकांतली तीन उत्तरं शोधा, आणि अशी उत्तरं कधीच संपत नाहीत हे पटवून द्या.